लाडक्या बहिणीचे पैसे आणि मोठ्या बहिणीची काळजी

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्रलेखिका धायरीत राहतात आणि एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम बघतात. त्यांची धाकटी बहीण जनता वसाहतीत राहते, चार घरची धुणीभांडी करते. तिचा नवरा रंगकाम करतो. मुलगी दहावीत, मुलगा सहावीत. बहिणीला लाडकी बहीण योजनेचे महिना १५०० रुपये मिळतात. बँकेत आधारची जोडणी अडकल्यामुळे तिचे तीन हप्ते तुंबले होते. ते ऐन गौरींच्या आठवड्यात एकदम जमा झाले, ४५०० रुपये. त्यातून तिने सासरच्या गौरीला साडी, मुलीला ड्रेस, नणंदेच्या मुलांना कपडे घेतले आणि घरी गौरीजेवण घातलं. मग आठवड्याभरात मुलीच्या क्लासची फी थकली म्हणून मोठ्या बहिणीकडे २००० रुपये उसने मागितले. दोघींच्या दादाचं म्हणणं असं, की तिचं एटीएम कार्ड आपल्याकडे ठेवू आणि फी परस्पर भरू. पत्रलेखिका लिहितात, “फुकटचा पैसा टिकत नाही हेच खरं. सरकारने पैशांऐवजी धान्य द्यायला हवं होतं. कार्ड काढून घेणं मला बरं वाटत नाही, पण भाचीचं नुकसानही बघवत नाही. काय करू?”

ताई,

तुमच्या पत्रात राग आहे, पण त्याच्या खाली भाचीची काळजी आहे आणि ती रास्त आहे. दहावीचं वर्ष, फी थकलेली, आणि घरात सवाष्णींची पंगत. हे पाहून कुणालाही लागेल. तरी कार्डाचं ठरवण्याआधी तुमच्या पत्रातल्या काही वाक्यांपाशी थोडं थांबू या, कारण तुम्हाला पेच पडलाय तो मला वाटतं त्या वाक्यांमुळेच.

पहिलं वाक्य, “तिला पैशाची किंमत नाही.” तुम्ही त्या साडेचार हजारांचा हिशेब रुपयारुपयाने मांडलाय. पण त्याआधीच्या महिन्यांत जे पंधराशे येत होते ते कुठे गेले, त्याबद्दल पत्रात एक ओळही नाही. मला वाटतं ते तुम्हाला ठाऊकच नसणार, कारण तो खर्च दिसत नाही. सिलिंडर, वाण्याची उधारी, मुलाची वह्या-पुस्तकं, सर्दीतापाची औषधं यांत गेलेला पैसा कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. साडी येते, कारण ती नेसून बाई चार लोकांत जाते. अशा मदतीचे पैसे लोक दारू-तंबाखूत उडवतात का, हे निरनिराळ्या देशांतले १९ अभ्यास एकत्र घेऊन जागतिक बँकेच्या दोन संशोधकांनी २०१४ साली तपासलं होतं. तसं वाढल्याचं त्यांना आढळलं नाही, उलट बऱ्याच ठिकाणी हा खर्च किंचित कमीच झाला होता. तुमची बहीण तर व्यसनाच्या जवळपासही नाही. तिने सण केला, एवढंच.

दुसरं वाक्य, “फुकटचा पैसा टिकत नाही.” तुम्ही हिशेबाच्या माणूस आहात, तुम्हाला हे लवकर पटेल. कंपनीच्या वहीत रुपया आला की तो कुठल्या खात्यात पडला यावर पुढे त्याचं काय होणार हे ठरतं. माणसाच्या मनातही अशी खाती असतात. पगाराचे हजार रुपये आणि दिवाळीच्या बोनसचे हजार रुपये कागदावर सारखेच, पण आपण ते सारख्या हाताने खर्च करत नाही. पगारातून घराचा हप्ता जातो, बोनसमधून लक्ष्मी रोडवर खरेदी होते. रिचर्ड थेलर यांना २०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात या मनातल्या खात्यांवरच्या त्यांच्या कामाचा मोठा वाटा होता. आणि हे फक्त गरिबांचं नाही, तुमचं माझंही तसंच आहे.

पैशाला नाव काय दिलंय यानेही फार फरक पडतो. ब्रिटनमध्ये वृद्धांना हिवाळ्यात घर उबदार ठेवण्यासाठी म्हणून एक भत्ता मिळतो. नावात इंधन आहे, पण तो कशावरही खर्च करायची मुभा असते. साध्या उत्पन्नासारखा धरला असता तर त्यातला जेमतेम ३ टक्के भाग इंधनावर जायला हवा होता. अभ्यासात दिसलं, की सरासरी ४७ टक्के गेला. सक्ती नाही, तपासणी नाही, फक्त नाव. आता आपल्या योजनेचं नाव बघा. देणारा भाऊ, घेणारी बहीण. ऑगस्ट २०२४ मध्ये पहिले दोन हप्ते मिळून तीन हजार रुपये जमा झाले तेही राखीपौर्णिमेच्या तोंडावर. मनाने तो पैसा ओवाळणीच्या खात्यात टाकला तर त्यात आश्चर्य कसलं? ओवाळणीचे पैसे दळणाला द्यायचे नसतात, हे तुम्ही दोघी एकाच आईकडून शिकला असाल. त्यातून आपल्याला काहीतरी घ्यायचं, निदान कुणाला तरी काही द्यायचं.

त्यात हे पैसे एकदम आले. केनियात काही गरीब कुटुंबांना मदतीची रक्कम महिन्या-महिन्याने दिली आणि काहींना तेवढीच रक्कम एकगठ्ठा दिली. महिन्याने मिळाली त्यांच्या घरी जेवणाची ददात कमी झाली. एकगठ्ठा मिळाली त्यांनी छपराच्या पत्र्यासारख्या मोठ्या वस्तू जास्त घेतल्या. थोडी रक्कम रोजच्या खर्चात विरघळते, मोठी रक्कम मोठं काम शोधते. तुमच्या बहिणीला दरमहा पंधराशे वेळेवर मिळत राहिले असते तर गौरीजेवण झालंही नसतं कदाचित. तीन महिने काहीच नाही आणि मग एकदम साडेचार हजार, तेही सणाच्या आठवड्यात. त्या आठवड्यात साडेचार हजारांना शोभणारं एकच काम घरात होतं.

त्याआधीचे महिनेही डोळ्यांसमोर आणा. रंगकाम करणाऱ्याच्या घरात जून ते सप्टेंबर कसे जातात? पावसात बाहेरच्या भिंतींची कामं बंद. आतली कामं लोक दसरा-दिवाळीवर ढकलतात. तुम्ही लिहिलंय, की दाजी जुलैत मंडईत हमालीलाही गेले होते. त्या घरात तीन महिने प्रत्येक संध्याकाळी एकच प्रश्न असणार, उद्याचं काय. असा प्रश्न डोक्यात सतत फिरत असला की महिनाभर पुढची फी आठवत नाही असं नाही, पण ती दूर वाटते. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांना संशोधकांनी तोडणीच्या आधी आणि नंतर तर्काच्या आणि लक्ष एकाग्र करण्याच्या चाचण्या दिल्या. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. माणूस तोच, पण हातात पैसा नसताना त्याचे गुण कमी आले आणि पैसा आल्यावर वाढले. म्हणजे ओढाताण स्वतःच माणसाची बुद्धी खाते. आपण मात्र ओढाताणीतल्या माणसाच्या निर्णयांवरून त्याच्या बुद्धीचं माप काढतो. ही चूक नव्हे, अन्याय आहे असं मला वाटतं.

धान्य दिलं असतं तर बरं, हे म्हणणं बऱ्याच पत्रांत येतं. अमेरिकेत पूर्वी अन्नासाठीच वापरता येतील अशी कुपनं देत. महिन्याच्या सुरुवातीला कुपनं मिळत आणि अखेरीला तीच कुटुंबं रोज १० ते १५ टक्के कमी उष्मांक खात, असं तिथल्या एका अभ्यासात दिसलं. महिनाभर पुरवून खाणं तिथेही अवघड गेलं. शिवाय तुमच्या भाचीची अडचण फीची आहे. गव्हाच्या कट्ट्याने क्लासची फी भरता येत नाही.

आता चार लोकांचं. तुमच्या रागाचा जोर इथेच आहे, “नणंदेच्या मुलांना कपडे कशाला?” ताई, वसाहतीत हप्ता जमा झाल्याचे मेसेज एकाच सुमारास सगळ्यांच्या मोबाईलवर येतात. पगार कुणाचा किती हे झाकून ठेवता येतं, हा पैसा झाकता येत नाही. नणंदेला माहीत, शेजारणीला माहीत, वाण्यालाही माहीत. अशा वेळी पैसा हातात ठेवला तर उसने मागणारे येतात, आणि नाही म्हटलं तर बोल लागतो. मग बाई तो लवकर खर्च करून टाकते, निदान आपल्या मनासारखा. आणि नणंदेच्या मुलांना घेतलेले कपडे हा तिच्या हिशेबाने नुसता खर्च नसेलही. पावसाळ्यात दाजींना काम नव्हतं तेव्हा त्या घरातून काही आलं होतं का, हे तिला विचारून बघा. वर्षभर दुसऱ्यांच्या घरची भांडी घासणारी बाई एक दिवस आपल्या घरी पाच बायकांना पाटावर बसवून वाढते, तेव्हा तिला काय मिळतं हे तुमच्या वहीत कुठल्याच रकान्यात बसणार नाही. पण ते मिळतं, आणि तिला त्याची गरज होती.

याचा अर्थ फी राहिली ते ठीकच झालं, असं मी म्हणत नाही. फी राहायला नको होती. दोन्हीही झालं असतं, पैसे येण्याआधी ते वेगळे मांडले असते तर.

कार्डाकडे येते. दादांचा हेतू चांगला आहे, उपाय मात्र मला पटत नाही. साधं कारण आधी. कार्ड आणि पिन घरच्यांनाही देऊ नये, असं बँकाच सांगतात. उद्या खात्यात काही गडबड झाली तर तक्रार करताना पहिला प्रश्न तोच येईल. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. केनियातच आणखी एक प्रयोग झाला. आरोग्याच्या खर्चासाठी पैसे साठावेत म्हणून लोकांना कुलपाचे पत्र्याचे डबे दिले. काहींना किल्ली दिली, काहींच्या डब्याची किल्ली संस्थेच्या माणसाकडे ठेवली. किल्ली स्वतःकडे होती त्यांनी मच्छरदाणीसारख्या गोष्टींसाठी जास्त पैसे जमवले. किल्ली दुसऱ्याकडे होती त्यांना तसा फायदा दिसला नाही. अडीनडीला पैसे मिळणार नाहीत म्हटल्यावर माणूस त्यात टाकायलाच धजत नाही. सगळ्यात चांगला परिणाम झाला तो आपल्या भिशीसारख्या गटात, जिथे सभासद मिळून ठरलेल्या कारणासाठी पैसे काढत होते. दादांना हा प्रयोग जरूर सांगा, कारण ते नेमकी न चाललेली रीत सुचवताहेत.

भाचीचाही विचार करा. दहावीतली मुलगी बघणार, की आईच्या नावावर आलेला पैसा मामाच्या पाकिटात गेला. मध्य प्रदेशात रोजगार हमीची मजुरी थेट बायकांच्या स्वतःच्या खात्यात जमा केली आणि खातं वापरायचं कसं हे त्यांना शिकवलं, तेव्हा त्या बायका पुढे जास्त काम करू लागल्या. आपल्या नावाचं खातं आपण चालवणं यातून बाईची घरातली जागा बदलते. ती तुम्हीच काढून घेऊ नका.

एका बाबतीत माझं मत बदलेल. नवरा किंवा सासरचं कुणी मारहाण करून, धमकावून पैसे काढून घेत असेल तर हा काटकसरीचा विषय राहत नाही. तेव्हा १८१ या महिला हेल्पलाइनवर बोलायचं. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही.

मग करायचं काय? आधी तिचे पैसे आणि तुमचे पैसे वेगळे करा. योजनेचे पंधराशे तिचे आहेत, त्यावर तुमचा शब्द चालणार नाही. तुमचे दोन हजार तुमचे आहेत, त्याबद्दल तुम्ही मोकळेपणाने बोलू शकता. “फीसाठी देतेय, क्लासच्या सरांना थेट पाठवू का तुझ्याकडे देऊ?” असं विचारा आणि ती म्हणेल तसं करा. परत घ्यायचे असतील तर तेही आत्ताच ठरवा. उपकार करून वर्षभर टोचत राहण्यापेक्षा स्पष्ट उसनवारी बरी.

बाकीचं बोलणं हप्ता जमा झालेल्या दिवशी करू नका. त्या दिवशी दहा जणांचे दहा हात पुढे असतात. महिन्याच्या मध्यात, तिची दुपारची कामं आटोपल्यावर जा. “तू असं का केलंस” हे मनातून काढून टाकूनच उंबरा चढा. तिला विचारा, मार्चपर्यंत भाचीचे कोणकोणते खर्च येणार आहेत. क्लासचा पुढचा हप्ता, परीक्षेचं शुल्क, गाइडं, सराव परीक्षा, रिक्षा. ते भाचीलाच एका कागदावर लिहू द्या. मग त्या पैशाला नाव द्या. पंधराशेतले पाचशे ‘दहावीचे’. सगळे पंधराशे बांधायला जाऊ नका, ते टिकणार नाही. पाचशे टिकतील. ते एका वेगळ्या डब्यात, भाचीच्या अक्षरातल्या चिठ्ठीसकट, किल्ली बहिणीकडे. कुणी उसने मागायला आलं तर “ते दहावीचे आहेत” हे उत्तर वसाहतीत चालतं, त्यावर कुणी रुसत नाही. “माझ्याकडे नाहीत” यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

डब्यात ठेवायची भीती वाटत असेल तर पोस्टात महिना १०० रुपयांपासून आवर्ती ठेव काढता येते. पण ती पाच वर्षांची, आणि हप्ता दरमहा भरावा लागतो. मार्चच्या परीक्षेला तिचा उपयोग नाही, पुढच्या कॉलेजसाठी आहे. योजनेचा पैसा ठरल्या तारखेला येईलच असं नसतं, म्हणून तो हप्ता तिच्या कामाच्या पगारातून भरलेला बरा. भिशीत ती असेल तर तिचा नंबर मे-जूनला लावून घेता येईल का हे बघा. भिशी मात्र ओळखीतल्या बायकांचीच हवी आणि वहीत लिहिलेली हवी. पुण्यात अन्नपूर्णा परिवारासारख्या संस्था वस्त्यांतल्या कष्टकरी बायकांबरोबर बचतीचं आणि छोट्या कर्जांचं काम वर्षानुवर्षं करताहेत, तिथेही चौकशी करता येईल.

आणि गौरीचाही डबा करा. हे मी मनापासून सांगतेय. महिना शंभर-दीडशे रुपये सणाच्या नावाने बाजूला पडले तर पुढच्या भाद्रपदात साडी त्यातून येईल आणि फीच्या पैशाला हात लागणार नाही. सणाला जागाच ठेवली नाही, तर सण दुसऱ्याच्या जागेत घुसतो.

योजनेच्या पैशावर मोबाईलचा किंवा फायनान्सचा हप्ता बांधू देऊ नका, हे मात्र आग्रहाने सांगा. पात्रतेची छाननी होते, ई-केवायसी राहून जाते, आधारची जोडणी तुटते. तिचे तीन हप्ते एकदा तुंबले, परत तुंबू शकतात. येणारा पैसा थांबला तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही. बँकेतली ती जोडणी आता नीट आहे का हे एकदा तिच्याबरोबर जाऊन बघून या. तुमच्या हिशेबाच्या ज्ञानाचा तिला खरा उपयोग इथे आहे.

घरी मदतनीस ठेवणाऱ्या वाचकांसाठीही दोन शब्द. “आता तुला सरकार देतंय की” असं म्हणून उचल नाकारणं, पगारवाढ पुढे ढकलणं मी बऱ्याच घरांत ऐकलंय. कृपा करून असं करू नका. ती तुमच्याकडे जे काम करते त्याचा या पंधराशेंशी काही संबंध नाही. आणि ज्या बहिणींना हे पैसे मिळतात त्यांनी, जमलं तर, हप्ता येण्याच्या आधीच त्यातला एक लहान भाग कशासाठी हे घरात बोलून ठेवावं. मुलांसमोर बोललं तर जास्त चांगलं.

दादांना फोन कराल तेव्हा हेही सांगा, की भाचीच्या फीचा पुढचा हप्ता त्यांनी मामा म्हणून स्वतःच्या खिशातून द्यावा. कार्ड मागण्यापेक्षा ते त्यांना सोपं जाईल, आणि ती नाही म्हणणार नाही.